टोकं उघडी ठेवून

प्रताप नगर, नागपूर
११ जानेवारी १९७८

चि. सौ. जया,

हे पाकीट आहे, बुकपोस्ट नाही. हातात घेतल्याबरोबर तुला ते वेगळं लागलं असेल. तुझं लग्न होऊन साडेचौदा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र.

बाबा अठरा डिसेंबरला गेले. तार मिळाली असेलच. तू आली नाहीस याबद्दल मी काही म्हणत नाही. तसा मला अधिकार नाही, आणि आली असतीस तर तुझ्याशी काय बोललो असतो हे मला आजही सुचत नाही. त्यांना फार त्रास झाला नाही. संध्याकाळी खुर्चीत बसले होते, पाणी मागितलं, आणि तुझी वहिनी कौसल्या पाणी घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता कामाचं लिहितो.

तुझी लोखंडी पेटी इथं आहे. तिची किल्ली बाबांच्या जानव्याला असायची, तेरवीनंतर मी ती उघडली. आत तुझी बी.ए.ची पुस्तकं, कापडी बांधणीतले मासिकांचे जुने अंक आणि वाचनालयाची दोन पुस्तकं आहेत, जी तू परत केली नव्हतीस. (ती मी परत करणार आहे.) एकूण त्रेसष्ट. एकालाही वाळवी नाही, कसर नाही. प्रत्येक थरात डांबराच्या गोळ्या होत्या, आणि त्या जुन्या नव्हत्या. ही गोष्ट मी फक्त नोंदवतो आहे, तिच्यावरून काही सुचवत नाही.

ही पुस्तकं तुला कशी पाठवावी, हा प्रश्न आहे. रेल्वे पार्सलनं सगळी पेटीच पाठवता येईल, पण ती सोडवायला चंद्रभानरावांना भिलाईहून दुर्ग स्टेशनवर खेटे घालावे लागतील आणि कारखान्याची पाळी बुडेल. टपालाच्या पार्सलला शिवण लागते, लाख लागते, आणि पुस्तकांसाठी तो दर महाग. बुकपोस्ट स्वस्त, पण गठ्ठा वजनात बसवावा लागतो, आणि टोकं उघडी ठेवावी लागतात म्हणजे कोपरे दुमडतात. बुकपोस्टच रजिस्टर करावं, दर आठवड्याला एक गठ्ठा, असं माझ्या मनात आहे. पुठ्ठा लावून बांधीन.

हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. दर आठवड्याला एक का, एकदम चार का नाही, असं तू विचारशील. खरं कारण असं की एकदम पाठवली तर पेटी रिकामी होईल आणि मला तुला पाठवायला काही उरणार नाही.

एक वस्तू मात्र बुकपोस्टनं जाणार नाही. ती मायची आहे. माझ्याकडे सहा वर्षांहून जास्त काळ आहे आणि ती तुझी आहे. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुझा,
विश्वनाथ

---

प्रताप नगर
५ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. जया,

तीन गठ्ठे गेले. पोचले असतील. उत्तराची घाई नाही.

मागच्या पत्रात ज्या वस्तूचा उल्लेख केला, तिच्याबद्दल आज लिहायला बसलो आणि लक्षात आलं की त्याआधी तुला दुसरं काही सांगावं लागेल. मी तुला पत्र का लिहिलं नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

तू गेलीस त्या संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. महाल भागातल्या जुन्या घरी, त्या खोलीत, खुंटीखाली. म्हणाले, "इसू, या घरातून तिले एक बी चिठ्ठी जाणार नाई. शब्द दे." मी दिला. मला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती, मी पदवीधर होतो, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. चंद्रभानरावांशी माझं नेहमीचं बोलणं असे. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाची हकीकत त्यांनी मला आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून सांगितली होती, आणि मी ती मान हलवत, मनापासून ऐकली होती. त्याच माणसाच्या घरी माझी बहीण गेली तेव्हा मी बाबांच्या हातावर हात ठेवला. दबावाखाली ठेवला असं म्हणायची सोय आहे. पण दबाव नव्हता. बाबा रडत होते, आणि मला ते पाहवत नव्हतं, एवढंच.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास मला सुचलं की बुकपोस्ट म्हणजे चिठ्ठी नव्हे. खात्याच्याच नियमात तसं आहे. बुकपोस्टात छापील मजकूर जातो, खाजगी मजकूर जात नाही, म्हणूनच टोकं उघडी ठेवायची, कुणीही सुतळी ओढून आत पाहू शकेल अशी. म्हणजे बाबांचा शब्द आणि टपालखात्याचा नियम एकच गोष्ट सांगत होते, आणि दोन्ही पाळून तुला दर महिन्याला मासिकाचा अंक पाठवता येत होता. मला त्याचं फार समाधान वाटलं. त्या दिवसाची रोजनिशी मी काल काढून पाहिली. लिहिलंय, "मार्ग सापडला."

शिवाय शब्द "या घरातून" असा होता. म्हणून मी अंक कॉलेजजवळच्या पोस्टातून टाकत असे, आणि पाठवणाऱ्याच्या जागी ग्रंथालयाचा पत्ता घालत असे. अंक आधी मी वाचायचो. वाचताना समासात पेन्सिलीनं खुणा करायची माझी सवय तुला माहीत आहे. त्या खुणा पाठवण्यापूर्वी एकेक करून रबरानं खोडायचो. खूण म्हणजे निरोप होईल की काय, अशी शंका यायची.

तू दर दिवाळीनंतर ग्रंथालयाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकत होतीस. "अंक मिळाला. आभारी आहे." मायना नाही, सही फक्त. पहिल्या कार्डानं मी घायाळ झालो होतो. मग कळलं की तू माझीच भाषा मला परत करत होतीस. एकोणसत्तरच्या कार्डात एक ओळ जास्त होती: "वाचणारी आणखी एक आली आहे." ते कार्ड मी मायला दाखवलं. कार्ड काही या घरातून गेलेलं नव्हतं, आलेलं होतं. त्यामुळे दाखवायला हरकत नव्हती. पाहा, मी असा विचार करत असे.

१९७० साली आम्ही महालातलं भाड्याचं घर सोडून इथं आलो. "या घरातून" हा शब्द घर बदलल्यावर सुटतो की काय, असा प्रश्न मला पडला होता. तशीही नोंद आहे. बाबांना विचारावं, असं पुढे लिहिलंय. विचारलं नाही.

हे सगळं मी कौसल्येला परवा पहिल्यांदा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजे पोष्टाच्या लोकाईले बी जेवढा नियम माहीत नसन तेवढा तुमाले माहीत हाय. अन् बहिणीले 'कशी हायेस वं' एवढं इचाराले चवदा वर्सं लागले."

मी म्हटलं, शब्द दिला होता.

"हो ना. शब्द पाळाले तुमी, अन् कार्डं मोजाले माय."

आणखी एक सांगायचं राहिलं. सांगावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण त्यांची बाजू मांडल्यासारखं होईल. गेल्या ऑक्टोबरात मी दिवाळी अंक बांधत होतो. बाबा खुर्चीत होते, डोळे मिटलेले. तसेच म्हणाले, "टोकाले थोडा मेणकागद लावत जाय गा. पाणी लागलं तर पानं चिकटतात." मी हो म्हटलं. ते कधीपासून पाहत होते, मला माहीत नाही.

वस्तूबद्दल पुढच्या पत्रात. या वेळी नक्की.

विश्वनाथ

---

प्रताप नगर
२६ फेब्रुवारी १९७८

जया,

ती एक चिठ्ठी आहे. मायनं तुला लिहिलेली.

१९७१ चा दिवाळी अंक आठवतो का? जाड होता, मुखपृष्ठ निळं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा असावा. अंक दोन दिवस कपाटावर बांधायच्या तयारीत पडून होता. ग्रंथालयात पुस्तक परत आलं की आम्ही ते पाठीला धरून एकदा हलवतो. वाचकांच्या पावत्या, पिंपळपानं, बसची तिकिटं पडतात. मी अंकही तसेच हलवत असे. त्यातून चिठ्ठी पडली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून चार घड्या घातलेली, आणि वर "जयासाठी". मायचं अक्षर. चौथीपर्यंतचं, मोठं, ओळीच्या वर जाणारं.

मी ती वाचली नाही. दुसऱ्याची चिठ्ठी मी वाचत नाही. परत अंकातही घातली नाही. बुकपोस्टात चिठ्ठी चालत नाही. उघडकीला आली तर दुप्पट दंड लागतो आणि तो तुझ्याकडून वसूल होतो, असं मी स्वतःला सांगितलं. वेगळ्या पाकिटात घालून पाठवावी, तर ते सरळ सरळ पत्र झालं असतं, आणि माझा शब्द होता. मायला परत द्यावी, तर तिला वाईट वाटलं असतं. म्हणून योग्य मार्ग सुचेपर्यंत मी ती रोजनिशीत ठेवली. त्या दिवशीची नोंद एवढीच: "अंक रवाना."

पंधरा-वीस दिवसांनी माय म्हणाली, "इसू, तिरपुरी पुन्नवेले मले रामटेकले नेशीन काय गा?" ती कधी काही मागत नसे. मी रजा टाकली. पहाटेची बस धरली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर अनारशांचा डबा होता. मला वाटलं, नैवेद्याचा. पण गडावर ती गेलीच नाही. "माह्यानं चढणं होत नाई," म्हणून अंबाळा तलावाच्या पायऱ्यांवर बसली, पाण्यापासून चौथ्या-पाचव्या पायरीवर. मी शेजारी पुस्तक काढून वाचत बसलो.

दुपार झाली. म्हटलं, "माय, निघायचं का?"

"थांब ना. काहून घाई करून राहिला?"

यात्रेची गर्दी होती. पायऱ्यांवरून बाया उतरत होत्या, पोरंबाळं घेऊन. माय प्रत्येकीकडे पाहायची. लहान मुलगी असली की जास्त वेळ. मी दोनदा पुस्तकातून मान वर केली, दोनदा पाहिलं, आणि पुन्हा वाचायला लागलो. माय आता माणसांत रमते आहे, असं मला वाटलं. कुठलं पुस्तक होतं ते मला सांगता येईल, पण सांगत नाही.

दिवे सोडायला लागले तेव्हा ती उठली. डबा शेजारच्या बाईच्या पदरात रिकामा केला. "माहेरचे हायेत, खाय," म्हणाली. बसनं मनसर सोडलं. मग तिनं मला एकच विचारलं.

"इसू, तो अंक टाकला होता ना गा पोष्टात?"

"हो माय," मी म्हणालो.

जया, मी खोटं बोललो नाही. अंक मी टाकला होता. आणि ते वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच मला सगळं कळलं. पूर्ण कळलं. कामठीचे दिवे दिसेपर्यंत अर्धा-पाऊण तास माझ्याकडे होता, ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती, आणि मी बोललो नाही. बाबांचा शब्द तेव्हा मला आठवलाही नव्हता. मला लाज वाटली होती, तेवढंच. त्यानंतर रोज वाटत गेली, आणि फेब्रुवारीत माय गेली. तू बोलावूनही आली नाहीस असं समजून ती गेली. तुझ्याबद्दल वाईट बोलली नाही. "तिले जमलं नसन," असं कौसल्येला एकदा म्हणाल्याचं मला नंतर कळलं. कौसल्येला तेव्हा संदर्भ लागला नव्हता.

तिच्या तेराव्या दिवशी मी चिठ्ठी उघडली. तिच्यात लिहिलंय की पोट्टीला घेऊन त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला ये, अंबाळ्याच्या पायरीवर मी दिवसभर बसून राहीन. आणि शेवटी: "इसूले काही सांगू नोको. त्यानं बाबाले शब्द देल्ला हाय. त्याचा शब्द मोडाचा नाई."

ती माझा शब्द सांभाळत होती.

माय गेली तेव्हा तुला मी तार केली. तार म्हणजे पत्र नव्हे, हेही मी तेव्हा ठरवलं होतं. त्या वर्षापासून तुझं कार्ड आलं नाही. अंक मात्र एकही परत आला नाही, म्हणून मी पाठवत राहिलो.

चिठ्ठी तुला हवी असेल तर कळव. परवानगीशिवाय पाठवणं मला बरोबर वाटत नाही. तुझ्या घरात ती अचानक येऊन पडावी असं नको.

विश्वनाथ

---

प्रताप नगर
११ मार्च १९७८

जया,

मागचं पत्र मी कौसल्येला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला ती उठून आत गेली. परत येऊन म्हणाली, "आता बी इचारूनच राहिले? जिची चिठ्ठी तिले द्याले परवानगी? सहा वर्सं ठेवाले कोनाची घेतली होती?"

तीन दिवसांपूर्वी कॉलेजजवळच्या पोस्टात गेलो.

खिडकीवर गणपतराव असतात. दर महिन्याला माझे अंक तेच वजन करून घेतात. चौदा वर्षांत केस पांढरे झाले, पण शाईचा डाग त्याच बोटावर आहे. मी त्यांना विचारलं, की मासिक पाठवायचं आहे, आत एक जुनी चिठ्ठी घालायची आहे, आणि ती मासिकातच जायला हवी, वेगळी नको, तर कोणत्या वर्गात बसेल?

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोन्त्याच वर्गात बसवाची गरज नाई ना, भाऊ. लेटरचा दर लावा अन् आत काय बी टाका. मासिक टाका, चिठ्ठी टाका, पापड टाका. टोकं चिकटवून द्या. बुकपोस्ट फक्त स्वस्ताच्यासाठी असते."

"एवढंच?"

"एवढंच. पाच-सहा तिकिटं जास्त लागतात." मग हसले. "तुमाले माहीत नाई म्हणता? मले नियम तुमीच शिकवता."

मला माहीत होतं, जया. हे मी तुझ्यापासून लपवू शकलो असतो. गणपतरावांनी डोळे उघडले असं लिहिलं असतं तर ते वाचायलाही बरं लागलं असतं. पण मला १९७१ सालीही माहीत होतं. टपालाचा नियम कधीच आडवा आला नव्हता. पाच-सहा तिकिटं जास्त लावून टोकं चिकटवली असती तर तो अंक चिठ्ठीसकट गेला असता, कुणी दंड मागितला नसता, आणि बाबांना दिलेला शब्दही मोडला नसता, कारण तो गेला असता कॉलेजजवळच्या पोस्टातून, या घरातून नव्हे. मग मी का केलं नाही? तीन दिवस या प्रश्नाशी बसलो आहे. उत्तर चांगलं नाही. तू निघून गेलीस आणि मला राहावं लागलं. घरात तुझ्या नावाचा जो रिकामेपणा होता, त्याच्यासमोर मी रोज जेवत होतो. मायनं मला वगळून तुला चिठ्ठी लिहिली, हे मला लागलं. "जयासाठी" हे दोन क्षण जास्त पाहिलं मी. नियम त्यानंतर आठवला.

हे पत्र आणि मायची चिठ्ठी, दोन्ही या महिन्याच्या अंकात आहेत. चिठ्ठी तेव्हा कुठल्या पानात होती ते मला कळायला मार्ग नाही, हलवल्यावर खाली पडली होती. मधोमध घातली आहे. लेटरचा दर लावून रजिस्टर करतोय, पोचपावतीसह. चिठ्ठी घातल्यावर अंक सवयीनं हलवायला घेतला होता. थांबलो.

विश्वनाथ

---

प्रताप नगर
२ जुलै १९७८

चि. सौ. जया,

पोचपावती मार्चअखेर आली होती. तिच्यावर तुझी सही आहे, पूर्ण, "जयवंता". ती मी रोजनिशीत ठेवली नाही. कौसल्येनं देवघरात ठेवली, मी हरकत घेतली नाही.

त्यानंतर तुझं काही आलं नाही. यावं असा माझा आग्रह नाही. हे मी खरं लिहितो आहे की शोभेसाठी, ते तपासून पाहिलं. अर्धं खरं आहे. सायकलची घंटा वाजली की मी फाटकाकडे पाहतो.

पेटीतले शेवटचे दोन गठ्ठे सोमवारी टाकतो. पावसाचे दिवस आहेत, म्हणून टोकांना मेणकागद लावला आहे. वाचनालयाची ती दोन पुस्तकं परत केली. तिथल्या माणसानं तारखेचा शिक्का पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजी, राहू द्या. तेव्हाचे मेंबरच नाई राहिले आता." रिकाम्या पेटीत कौसल्येला गहू भरायचे आहेत. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. "काहून? त्यात काय येनार हाय?" असं तिनं विचारलं. पण तिनं गहू भरले नाहीत.

मासिक दर महिन्याला येईल, नेहमीसारखं. यापुढे मी खुणा खोडणार नाही.

विश्वनाथ

---

प्रताप नगर
२८ ऑक्टोबर १९७८

प्रिय जया,

काल दुपारी पोस्टमन नत्थूजी आले. फाटकातूनच ओरडले, "भाऊ, घरी हाय का? गडबड हाय तुमच्या बुकपोस्टात!"

मी बाहेर आलो. त्यांनी तपकिरी गुंडाळी पुढे केली. डाव्या कोपऱ्यात "बुकपोस्ट", टोकं उघडी, सुतळीची गाठ अगदी माझ्यासारखी, एक वेढा जास्त. आणि एका टोकातून निळा कागद बोटभर बाहेर आलेला.

"पाहा ना. आत चिठ्ठी हाय. लपवली बी नाई बराबर. भिलाईवाल्यानं धरली अन् मोठा शिक्का हाणला. आता दुप्पट भरा लागन. नसन घ्याचं तर 'नकार' लिहून द्या, वापस पाठवतो."

कौसल्या मागे उभी होती. हसायला लागली ती थांबेना. "घ्या! बहीण कोनाची हाय! चांगली बाहेर काढून ठेवली, दिसाले पाह्यजे म्हणून."

मी आतून पैसे आणले. नत्थूजी म्हणाले, "सांगा तिकडे, असं नियमात नाई बसत." मी म्हटलं, तिला माहीत आहे.

जया, अंक हातात घेतला आणि ओळखला. निळं मुखपृष्ठ, आता कडा पांढऱ्या पडलेलं. एकाहत्तरचा. तू जपून ठेवलास. आणि तुझं पत्र आत, मधोमध.

तू लिहिलंस ते मी कितीदा वाचलं ते मोजलं नाही, हे माझ्याबाबतीत विशेष समज. "भाऊ, खोडलेलं दिसते. पेन्सिल जाते, दाब राहतो. रात्री कंदिलाजवळ पान तिरपं धरलं की तुझी प्रत्येक रेघ वर येते. चौदा वर्षं मी तेच वाचत होते. कुठं तू थांबलास, कुठं तुला पटलं नाही, कुठं दोनदा रेघ ओढलीस. एका अंकात भिलाईच्या थंडीवर काही छापून आलं होतं, तिथं समासात तू गोल केला होता अन् खोडला होता. मला समजलं होतं." हे वाचून मी खिडकीशी गेलो आणि निळ्या अंकाची पानं उजेडात तिरपी धरली. दिसतात. मला इतकी वर्षं वाटत होतं की मी काही पाठवत नाही.

आणि पुढचं वाक्य: "पण मायच्या चिठ्ठीचा राग आहे. तो फार आहे. बुकपोस्टात मावणार नाही, पाकिटात बी नाही. म्हणून सोबत घेऊन येते." हे तू बरोबर लिहिलंस. त्याला मी काही जोडत नाही, त्यातून काही वजाही करत नाही.

तू म्हणतेस, घरी येणार नाही, पायऱ्यांवर भेटू, त्रिपुरी पौर्णिमेला. चंद्रभानरावांना रजा नाही, तू आणि मुलगी येणार. मुलीला वाचायला चष्मा लागतो आणि ती अंक तुझ्याआधी फोडते, हेही वाचलं. मान्य. घराचं तू म्हणशील तेव्हा पाहू. पेटी रिकामीच आहे.

मी पहाटेच्या बसनं येईन, एकटा. कौसल्येला यायचं होतं, मग तीच म्हणाली, "नाई, पहिल्यांदा तुमीच जा अन् ऐकून घ्या." तिनं अनारशाचे तांदूळ काढून ठेवले आहेत, डबा तोच आहे. पाण्यापासून चौथी-पाचवी पायरी, डाव्या हाताला. तुझी गाडी चुकली, मुलीला बरं नसलं, किंवा ऐन वेळी मन झालं नाही, तर तार करू नकोस. मी दिवे सोडेपर्यंत बसून राहीन.

पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहायचं आहे. या वेळी वाचायला काही सोबत आणणार नाही.

तुझा भाऊ,
विसू